नाण्याला पश्चात्ताप कुठे होतो?

आधी पश्चात्ताप, मग क्षमा, हा क्रम आपण इतका गृहीत धरतो की तो तपासून पाहावा असं सहसा वाटतच नाही. जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराची चित्रं मला तो तपासायला लावतात. लाकडावर चित्रं कोरणाऱ्या डॅल्झिएल बंधूंनी १८५७ मध्ये येशूच्या दाखल्यांवरची चित्रं त्याच्याकडे मागितली आणि त्यांपैकी वीस १८६४ च्या पुस्तकात आली. चित्रकाराने लाकडी ठोकळ्यावर रेखाटायचं आणि कोरणाऱ्याने रेघा तेवढ्या उंच राखून बाकीचं लाकूड काढून टाकायचं, अशी ही कला. तिच्यात काळोख आयता मिळतो. प्रकाश मात्र कणाकणाने कोरावा लागतो. ‘हरवलेलं नाणं’ या चित्रात हे कष्ट दिसतात. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती आणि झाडू घेऊन एक बाई शोधते आहे. सगळी धडपड तिचीच. दुसऱ्या दाखल्यातलं हरवलेलं मेंढरू निदान ओरडेल तरी. नाण्याला आपण हरवलोय हेही ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, लूकच्या पंधराव्या अध्यायात हा दाखला पश्चात्ताप करणाऱ्या पाप्याबद्दलच्या स्वर्गातल्या आनंदाने संपतो, त्याचं काय? पण मग पश्चात्तापासाठी येशूने अशी वस्तू का निवडावी, जिला पश्चात्ताप होणं शक्यच नाही? माझं उत्तर असं, की इथे पश्चात्ताप म्हणजे क्षमेची किंमत नव्हे. तो शोधला जाण्याचा परिणाम आहे. उधळ्या पुत्राचं उदाहरण याविरुद्ध हमखास दिलं जातं, कारण तो शुद्धीवर येऊन आपण होऊन परततो. पण त्याला घराकडे वळवते ती भूक. मला मजुरासारखं ठेवा, हे वाक्य तो निघण्याआधीच जुळवून ठेवतो, आणि घरी पोचल्यावर नेमकं तेच त्याच्या तोंडून येत नाही. बाप त्याला दुरूनच पाहून धावत आलेला असतो. मिलेने रेखाटली ती हीच मिठी.

ही क्षमा फार स्वस्त झाली, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. चित्रकार जॉर्ज क्रुकशँकच्या ‘द बॉटल’ या १८४७ च्या आठ चित्रांत दारुडा बाप बायकोचा जीव घेतो आणि शेवटी वेडाच्या इस्पितळात पोचतो. तिथे कुणाच्याही मिठीने ती बाई परत येणार नाही, आणि तिच्या वतीने क्षमा करायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही. दाखल्यातला बाप तरी काय माफ करतो? स्वतःची उधळलेली मालमत्ता, स्वतःचं दुःख. मिलेच्याच मालिकेत निर्दय चाकरही आहे. राजाने दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, तरी तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि राजाची माफी गमावतो. म्हणजे क्षमा आधी मिळाली तरी ती अंगी लागली की नाही, हे पुढच्या वागण्यातच कळतं. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ आठवावा. त्याला तर कसलाच पश्चात्ताप नाही, उलट तो रागावून बाहेर उभा आहे. तरी बाप त्याचीही समजूत घालायला अंगणात येतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.