वरचे ओझे

गेल्या दिवाळीत मामांना त्यांच्या लेकीकडे पोहोचवायला मी गाडी घेऊन निघालो होतो. वर्धा नदीच्या काठचे माझे आजोळ. तिथून वणीकडे जाणारा रस्ता. पूर्वी या रस्त्याने प्रवास म्हणजे हाडांची परीक्षाच. आता उंच भरावावर डांबर अंथरले आहे, गाडी नुसती तरंगते. मी रस्त्याची तोंड भरून स्तुती करीत होतो. मामा खिडकीबाहेर पाहत होते. एकाएकी म्हणाले, "जरा हळू घे बापू. माह्या वावरातून चालली तुही गाडी."

मला वाटले, वयोमानाने भ्रम झाला असावा. मामांचे वावर तिथून चांगले पाच कोस दूर होते. होते, असेच म्हणायला हवे. कारण तिथे आता कोळशाची उघडी खाण आहे. रीतसर मोबदला मिळाला, आणि आपल्यावर अन्याय झाला असे मामा कधी म्हणाले नाहीत. वावर उकरून निघालेली माती आणि दगड खाणीच्या कडेला डोंगरासारखे रचले गेले, आणि रस्ता व्हायचा ठरला तेव्हा त्यातलाच माल टिप्पर भरभरून इकडे आला.

मी शहाणपणा केला. म्हटले, "मामा, काळी माती रस्त्याखाली घालीत नाहीत. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरचा रस्ता टिकू देत नाही."

"मातीचं कोन म्हनते? गोट्याचं म्हनतो मी." भरावाच्या उताराला उघड्या पडलेल्या तांबूस-पिवळ्या दगडाकडे त्यांनी बोट केले. "इहीर खंदली तवा हाच लागला होता मले. वळखतो मी त्याले."

यावर मी काय बोलणार!

खाणीच्या भाषेत कोळशावरच्या या साऱ्या मातीदगडाला 'ओव्हरबर्डन' म्हणतात. वरचे ओझे. शब्द मोठा बोलका आहे. ज्याला कोळसा हवा त्याला वरचे वावर हे ओझे. ज्याला कापूस हवा त्याला खालचा कोळसा असला काय नि नसला काय. पण नाव ठेवण्याचा मान कोळसा काढणाऱ्याचा. आणि हे ओझे थोडेथोडके नव्हे. २०२२-२३ साली कोल इंडियाच्या खाणींतून सुमारे ७० कोटी टन कोळसा निघाला, आणि त्यासाठी दीडशे कोटी घनमीटरांहून अधिक माती-दगड हलवावे लागले.

त्याचा उपयोग करू नये असे कोण म्हणेल? भरावासाठी मुरूम हवा म्हणून आपण एकेक टेकडी खाऊन टाकतो. खाणीचा दगड वापरला तर निदान एखादी टेकडी वाचते. नागपूरजवळच्या भानेगाव खाणीत तर याच ओझ्यातून वाळू वेगळी काढली गेली आणि ती घरबांधणीला गेली. तेवढीच नदीची वाळू वाचली. पारखून मात्र घ्यावे लागते. कोळशाचा अंश असलेला काळा पाषाण ढिगात सैल पडला तर हवा लागून आपोआप पेटतो, वर्षानुवर्षे धुमसतो. गंधकयुक्त दगड असला तर पाण्याबरोबर आम्ल पाझरते. म्हणून थर देऊन, रोलर फिरवून, हवेला वाव राहणार नाही असा तो दाबावा लागतो. आणि ढीग तसाच ठेवला तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. वेल्समधील अॅबरफान गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी खाणीचा ढिगारा घसरला. झऱ्यांवर रचलेला ढिगारा तो. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले, बहुतेक शाळेच्या वर्गात बसलेली. पुढे उरलेले ढिगारे हलवायची वेळ आली, तेव्हा त्या खर्चापोटी कुणाचे पैसे घेतले असतील? त्या गावासाठी लोकांनी पाठवलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड! ते परत मिळायला १९९७ साल उजाडले.

ही गोष्ट आठवली की माझी रस्त्याची स्तुती घशात अडकते. टाकाऊतून टिकाऊ केले म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटतो. पण ते टाकाऊ मुळात कुणाचे होते? एकदा एखाद्या वस्तूला 'कचरा' म्हटले की तिचा धनी पुसला जातो. मग तिचा सदुपयोग करून पुण्य जोडायला आपण मोकळे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

माझी आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत असे. तीही टाकाऊतून टिकाऊच करी. पण गोधडी अंगावर घालताना सांगायची, "हा पट्टा आजीच्या लुगड्याचा, हा मोठ्या आत्याचा." ऊब कुणाकडून आली हे पांघरणाऱ्याला ठाऊक असे. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, मंत्र्यांच्या नावाची पाटी असते. खाली कुणाचे वावर आहे, ते मात्र मामांसारखा कुणी गाडीत बसला असेल तरच कळते.

पण मामांना हे सांगून काय उपयोग? त्यांना रस्ता आवडला होता. लेकीच्या घरी जायला पूर्वी अर्धा दिवस मोडे, आता तासाभरात पोहोचतो, हे त्यांनीच मला दोनदा सांगितले.

गाडी मी हळू केली होती. मागचा ट्रक भोंगा वाजवू लागला. मामांनी चिवड्याचा डबा उघडला आणि काही आठवल्यासारखे करून विचारले,

"काहो, हिथं टोल तं नाही ना लागत?"

"नाही, मामा."

"मंग ठीक आहे. आपल्याच वावरात जाची कायची टोल!"