इतर हक्क

बोरिवलीच्या जेटीवरून होडीत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत गोराई येते. तीच गोराई चाकांवरून गाठायची तर दहिसरचा चेकनाका ओलांडून मुंबई सोडावी लागते. ठाणे जिल्ह्यात शिरायचं, भाईंदरला वळसा घालायचा, डोंगरी आणि उत्तन मागे टाकायचं, तेव्हा कुठे पुन्हा मुंबई लागते. मुंबईतून मुंबईत जायला मुंबईबाहेर पडावं लागतं, हे गोराई-मनोरीच्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतं.

हे सगळं धारावी बेट. झोपडपट्टीची धारावी वेगळी. हे बेट वसईची खाडी आणि मनोरीची खाडी यांच्या मधलं. पोर्तुगीजांनी ते राखलं, 1739 साली वसईच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आलं, पुढे इंग्रज आले. राज्यं बदलली तरी बेट एक होतं. पुढे 1957 साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. गोराई-मनोरी मुंबईत आली, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ठाण्याकडे राहिली आणि कालांतराने मीरा-भाईंदर महापालिकेत गेली. अलीकडच्या माणसाचा सातबारा बोरिवली तालुक्यात, पलीकडच्याचा ठाणे तालुक्यात. देऊळ मात्र दोघांचं तसंच राहिलं (इथले ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात), सोयरिकी तशाच राहिल्या आणि दर्याही तोच. 2000 नंतर पर्यटनाच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी या बेटावर डोळा गेला, तेव्हा हद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसं एकत्र रस्त्यावर उतरली होती. तो प्रस्ताव मागे पडला. ही एकी मला फार मोलाची वाटते, पण रोजच्या व्यवहारात ती टिकवायला काय लागतं, हे मला खालच्या गोष्टीत दिसतं.

गोराईच्या टोकाला, हद्दीलगत एका म्हाताऱ्याची वाडी होती. वांगी, माठ, मुळा, बांधावर ताडाची झाडं. बायको उत्तनची. वाडीतून एक पायवाट जायची. उत्तनकडच्या चार-पाच कोळणी पहाटे त्या वाटेने येत, डोक्यावर बोंबील-मांदेलीच्या पाट्या घेऊन, आणि पहिल्या होडीने बोरिवलीच्या बाजाराला जात. म्हाताऱ्याच्या आईच्या काळापासून हे चालत आलं होतं. जाताना एखादी दारात मूठभर सुका जवळा ठेवून जायची, परतताना वांगी घेऊन जायची. हिशेब कुणी ठेवला नव्हता.

मग जमिनीला भाव आला. मुलाने मोजणी आणली. मोजणीदाराने खुणा रोवल्या, तेव्हा कळलं की वाडीचा मागचा बांध हाच मुंबईचा शेवट. मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या विकायची झाली तर मोकळी जमीन लागते. ठाण्याच्या बायका मुंबईच्या सर्व्हे नंबरातून चालतात, हे गिऱ्हाइकाला सांगायचं कसं?" म्हाताऱ्याला ते पटलं. खरं सांगायचं तर पैशापेक्षा पत्ता त्याला अधिक भावला. पावसाळ्याआधी सिमेंटचे खांब उभे राहिले, काटेरी तार ओढली गेली, मागच्या दाराला कुलूप लागलं. बायको म्हणाली, "माझ्या माहेरची वाट बंद केलीत." तो म्हणाला, "रस्ता आहे ना मोठा." कोळणी काही बोलल्या नाहीत. त्या रस्त्याने फेरा घालून जाऊ लागल्या, आणि पहिली होडी चुकली की दुसरीची वाट पाहू लागल्या.

जगात अशा रेघा बऱ्याच ठिकाणी आहेत. बेल्जियम-नेदरलँड्सच्या सीमेवरच्या बार्ले गावात ती घराघरांतून जाते. तिथे पुढचं दार ज्या देशात उघडतं तो त्या घराचा देश, असा रिवाज आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या महाराजगुड्यात एका कुटुंबाच्या निम्म्या खोल्या महाराष्ट्रात आणि निम्म्या तेलंगणात असल्याचं 2022 मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं. एकाच घरातल्या माणसांना दोन सरकारं पुरतात, पण स्वयंपाक त्यांना एकच करावा लागतो. तार ओढून घेणं हा त्यावरचा उपाय नाही, असं माझं ठाम मत आहे.

जुलैच्या एका रात्री म्हाताऱ्याच्या नातवाला वाडीत साप चावला. पोरगं नऊ-दहा वर्षांचं. पाऊस धो धो, खाडीला ओहोटी, होडी कधीच बंद झालेली. मुलाने 108 ला फोन केला. रुग्णवाहिका भाईंदरहून निघाली, उत्तनपर्यंत आली आणि थांबली. पुढे रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं, सखल भागात पाणी होतं.

म्हातारीने कुणाला विचारलं नाही. तिने उत्तनच्या त्या कोळणींपैकी थोरलीला फोन लावला. वीस मिनिटांत मागच्या बांधापाशी बॅटऱ्या चमकल्या. थोरलीचे दोन मुलगे आणि शेजारची पोरं जुन्या पायवाटेने आली होती आणि तारेपाशी अडली होती. इकडे म्हातारा किल्ली शोधत होता. डबे उपसले, खुंट्या चाचपल्या, किल्ली मिळेना. पलीकडच्या एकाने होडीवरची ताडपत्री तारेवर टाकली, दुहेरी केली, आणि तिच्यावरून दोघं आत आले.

म्हातारा तोवर पोराच्या मांडीला दोरी आवळायला निघाला होता. कोळणीच्या धाकट्याने त्याचा हात धरला. "बाबा, बांधू नका. कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, बस." त्याने वल्ह्याची फळी पायालगत ठेवून ओढणीने सैलसर बांधली, पोराला पाटीसारखं सपाट उचललं आणि ताडपत्रीवरून हातोहात पलीकडे दिलं. म्हातारी तशीच तारेवरून गेली. तिच्या लुगड्याचा पदर काट्यात अडकून फाटला. पोराला चालू न देता त्या वाटेने रुग्णवाहिकेपर्यंत नेलं. इस्पितळात सर्पविषावरचं प्रतिविष वेळेत मिळालं, पाच दिवसांनी पोरगं घरी आलं.

दुसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्याने स्वतः तार काढली. मागचं दार उघडं टाकलं. पहाटे उठून तो ओट्यावर बसला. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोळणी रस्त्यानेच जात होत्या.

मग तो उत्तनला गेला, थोरलीच्या अंगणात. ती वाळत घातलेले बोंबील उलटत होती. तो म्हणाला, "वाट मोकळी केली, बाय. या आता."

तिने हात थांबवला नाही. "दादा, पोरगं बरं आहे ना? मग झालं. पण वाटेचं म्हणाल तर, तुमची मर्जी होती तोवर आम्ही चाललो. मर्जी फिरली तशी वाट गेली. आज तुम्ही बोलावता, उद्या तुमचा मुलगा तार घालेल. सुनांना मी ती वाट दाखवू कशी?"

म्हातारा रागावला नाही, त्याने उपकाराची भाषाही केली नाही. घरी येऊन त्याने माहिती काढली. वीस वर्षं कुणी उघडपणे, विनाहरकत आणि हक्क म्हणून एखादी वाट वापरली तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याने त्या वाटेचा हक्क धरता येतो. आणि मालकानेच लिहून दिलं तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात वाटेची नोंद घेता येते. एका सोमवारी तो संमतीपत्र घेऊन तलाठ्याकडे गेला. सोबत बायको, आणि मागे पाट्या रिकाम्या करून आलेल्या तिघी कोळणी.

तलाठ्याने कागद वाचला. "वाट कुणाच्या नावे लावायची?"

म्हातारा नावं सांगू लागला. थोरली म्हणाली, "नावं नकोत. आज आम्ही आहोत, उद्या सुना येतील. गावाची वाट लिहा."

"कुठल्या गावाची? तुम्ही ठाणे तालुक्यातल्या."

"दोन्ही गावांची लिहा," म्हातारी म्हणाली.

फेरफाराची नोंद धरली गेली, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली. मुलाने ती दोनदा वाचली. म्हाताऱ्याला वाटलं, आता हा जमिनीच्या भावाचं काढणार. मुलगा म्हणाला, "रुंदी चार फूट लिहिलीय. स्ट्रेचर धरून दोन्ही बाजूंनी माणसं चालली तर चार फूट पुरत नाहीत. सहा करा, आणि बांधावरचे दोन ताड वाटेत येतात तेही लिहा, म्हणजे पुढे भांडण नको."