तलंगीची जागा

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७



आजचा श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आपला अधिकार कर्मापुरता, फळावर तो नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. ऑफिसात अप्रेझल मनासारखं झालं नाही की आपण हाच श्लोक एकमेकांना फॉरवर्ड करतो. फळाची आशा सोडायची, हा भाग आपल्या चांगलाच लक्षात राहिलाय. आज मला त्याच्या आधीच्या भागाबद्दल बोलायचंय. कर्मावर प्रत्येकाचा अधिकार आहे, तर तो अधिकार आपण दुसऱ्याकडून काढून घेतो का? तेही प्रेमाने?

हा प्रश्न मला एका कोंबडीमुळे पडला. हसू नका, पुढे वाचा.

माझं आजोळ सिरसाळा. बीड जिल्हा, परळी तालुका. आजीचं घर जुनं, माळवदाचं. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घरात अंडं-मटण वर्ज्य. पण शेजारच्या मावशींच्या कोंबड्यांना हे कोण सांगणार? मी सातवी-आठवीत असेन. दिवाळीच्या सुट्टीत मावशींची एक तलंग आमच्या ओसरीवर येऊ लागली. तलंग म्हणजे अजून एकदाही अंडं न घातलेली तरणी कोंबडी. तुरा नुकता लालभडक झालेला. ती दाणे टिपायला यायची नाही. कोपऱ्यात डोकवायची, बाजेखाली शिरायची, बाहेर यायची, पुन्हा शिरायची. घशातून एक लांब, कण्हल्यासारखा आवाज काढायची. मी झाडू घेऊन तिच्यामागे धावलो, तेव्हा आजी म्हणाली, "हाकलू नको रं लेकरा. जागा बघायलीय ती. पहिलटकरीण हाय."

दोन दिवस हा शोध चालला. कडब्याच्या पेंढ्यांमागे बसून पाहिलं, पसंत पडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजेखाली जुन्या वाकळेच्या चिंध्या ठेवलेली टोपली तिला आवडली. ती आत बसली, गोल फिरली, पायांनी चिंध्या उकरल्या, छातीने दाबून खळगा केला. चोचीने काड्या उचलून स्वतःच्या पाठीवर टाकत राहिली. बराच वेळ गेला. मग उठली आणि आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. टोपलीत एक लहानसं अंडं होतं.

आजीने अंड्याला हात लावला नाही. भिंतीवरून हाक मारली, "आवं, तुमचं लेणं घेऊन जावा!" मावशी आल्या, अंडं घेऊन गेल्या. तलंग तोवर अंगणात दाणे टिपत होती. पुढच्या अंड्यालाही ती त्याच टोपलीत आली. आणि आमची माळकरी आजी रोज संध्याकाळी ती टोपली झटकून, चिंध्या नीट करून परत बाजेखाली सरकवायची.

पुढे कुतूहल म्हणून याबद्दल वाचलं. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. बीजांड सुटून गेल्यावर अंडाशयात जी रिकामी पिशवी मागे उरते, तिच्या संप्रेरकांमुळे जवळजवळ दिवसभरानंतर कोंबडीला घरटं शोधण्याची ओढ लागते. समोर टोपली दिसली म्हणून ही ओढ लागत नाही, ती आतून येते. त्यामुळे टोपली नसली तरी ओढ येतेच. आणि पहिल्यांदा अंड्यावर आलेली कोंबडी जास्त फिरते, जास्त जागा तपासते. तिला कुणी शिकवलेलं नसतं. रानकोंबडीपासून चालत आलेलं ते ज्ञान आहे.

आता अंड्यांच्या मोठ्या व्यवसायातले तारेचे पिंजरे आठवा. एका कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा. दाणा-पाणी वेळेवर. कोल्ह्या-मांजराची भीती नाही. पण अंड्याची वेळ झाली की ती कोंबडी अस्वस्थ होते, तारेशी येरझाऱ्या घालते, बाहेर पडायची वाट शोधते. काही जणी तर उघड्या तारेवरच बसून, नसलेला काडीकचरा उचलून पाठीवर टाकल्यासारखं करतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी वजन लावलेली दारं ठेवून पाहिलं. काही तास उपाशी ठेवलेली कोंबडी दाण्यासाठी जेवढा जोर लावते, त्याहूनही जास्त जोर अंड्याची वेळ अगदी जवळ आल्यावर ती घरट्यासाठी लावते. युरोपीय संघात अशा रिकाम्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी आहे. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ साली २६९व्या अहवालात या कोंबड्यांचा प्रश्न घेतला, पण पिंजरे अजून आहेत.

अंडं खावं की नाही, हा आजचा विषय नाही. मला दिसतो तो फरक वेगळा आहे. सिरसाळ्याच्या त्या तलंगीचं फळ मावशी रोज न्यायच्या, आणि ती मजेत होती. पिंजऱ्यातल्या कोंबडीचंही फळच नेतात. पण तिचं त्याआधीच काहीतरी गेलेलं असतं. जागा शोधणं, निवडणं, खळगा करणं. म्हणजे तिचं कर्म.

कुणी म्हणेल, कोंबडीला कुठला आलाय कर्मयोग? बरोबर. फळाची आशा सोडणं हा माणसाचा अभ्यास आहे, तिला तो लागू नाही. पण तिसऱ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात भगवंत सांगतात की कर्म केल्याशिवाय क्षणभरही कुणी राहत नाही, प्रकृतीचे गुण सगळ्यांकडून ते करून घेतातच. मग ज्याला कर्म करू दिलं जात नाही, त्याच्या आतल्या त्या ओढीचं काय होत असेल?

मागच्या वर्षी आम्ही आजीला पुण्याला आणलं. गुडघे दुखतात, गावाकडे बघायला कुणी नाही. नवव्या मजल्यावर फ्लॅट, स्वतंत्र खोली, टीव्हीवर दिवसभर कीर्तन. "आजी, तू आता काही करायचं नाही," हे आम्ही तिला इतक्या वेळा आणि इतक्या कौतुकाने सांगितलं! गॅसजवळ जायचं नाही, भाजी आली की फ्रीजमध्ये, केर काढायला बाई. आजी ऐकायची. आणि पहाटे चारपासून गॅलरीत येरझाऱ्या घालायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कठड्याला हात लावून परत. आम्ही म्हणायचो, वय झालं, झोप लागत नसेल.

त्या पिंजऱ्यांबद्दल वाचत होतो त्या रात्री मी लॅपटॉप बंद केला आणि तसाच बसून राहिलो. पहाटे गॅलरीतून तिच्या पावलांचा आवाज आला. मला ती टोपली आठवली. जिने दुसऱ्याच्या कोंबडीसाठी चिंध्या झटकल्या, तिच्यासाठी आम्ही दाणा-पाणी आणि तार एवढंच ठेवलं होतं.

म्हणजे आता तिच्याकडून धुणी-भांडी करून घ्यायची का? तसं नाही. आपल्या सिरसाळ्याच्या पलीकडेच, परभणी जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड आहे. जनीला दळताना कष्ट होतात म्हणून विठ्ठल आला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने काय केलं? जात्याच्या खुंट्याला हात लावला. जातं उचलून नेलं नाही. ओझं हलकं करणं आणि काम हिरावून घेणं यातला फरक त्या कथेत आहे. आणि तो आपल्याला कळत नसेल, तर एक सोपा उपाय आहे: ज्याचं काम आहे त्याला विचारायचं. आम्ही ते कधी केलंच नव्हतं.

सकाळी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. विचारलं, "आजी, तुला काय करावंसं वाटतं?" ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कापूस आण. वाती वळते. आन् दिवाळी झाली की मला सिरसाळ्याला नेऊन घाल. माझी जागा तिथं हाय."

कापूस त्याच दिवशी आणला. दुसरी गोष्ट मला जड गेली, अजूनही जाते. तिथे ती पडली तर? रात्री-अपरात्री काही झालं तर? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तिची काळजी हे माझं कर्म, तिने माझ्या डोळ्यांसमोर सुरक्षित राहावं हे मला हवं असलेलं फळ. आणि आजचा श्लोक मलाही लागू आहे. शेजारच्या मावशींशी फोनवर बोललोय. त्या म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ चक्कर मारीन. बसचं तिकीट काढलंय.

आजचा संकल्प : घरात कुणाला तरी आपण प्रेमाने "तू राहू दे, मी करतो" असं रोज म्हणतो. आज एकदा थांबून त्यांना विचारूया, त्यांना काय करायचंय ते. आणि उत्तर मिळेल ते ऐकूया.

रामकृष्णहरी.