चौफुलीतला कल

अकोला-अमरावतीकडच्या काळ्या रानात चौफुलीने लावलेली पऱ्हाटी ज्याने पाहिली आहे, त्याला लोखंडाच्या अणूंची मांडणी निराळी समजावून सांगायला नको. झाडाझाडांतले अंतर उभेही तेच, आडवेही तेच. डवरा कोणत्याही अंगाने घाला, बैलांना दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या. पुरेसे थंड केले की विजेला मुळीच विरोध न करणारी लोहयुक्त अतिवाहक द्रव्ये २००८ साली जपानच्या हिदेओ होसोनो यांनी जगाच्या नजरेस आणली. त्यांत लोखंडाचे अणू असेच चौफुलीत बसलेले असतात.

लोखंड आणि सेलेनियम यांचे संयुग शून्याखाली सुमारे १८३ अंश सेल्सिअसपर्यंत नेले, की या चौफुलीत पक्षपात शिरतो. अणूंच्या उभ्याआडव्या अंतरांत फरक पडतो तो एक टक्क्याहूनही कमी. पण विजेचा हिशेब निराळा! बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक यांच्या संयुगात किंचित कोबाल्ट मिसळले, तर एका वाटेचा विरोध दुसरीच्या जवळजवळ दुप्पट भरू शकतो. २०१२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की आधी कलतात ते इलेक्ट्रॉन. अणूंची चौकट त्यांच्यामागून जाते. निसर्गनियमाला दोन्ही दिशा सारख्याच, एकट्या इलेक्ट्रॉनाचेही कुणाशी वाकडे नाही. मग हा कल आला कुठून? एकमेकांच्या संगतीतून, एवढेच उत्तर मिळते.

गंमत पुढेच आहे. स्फटिकात बारीक बारीक पट्टे असतात. एकाचा कल उभा, तर शेजारच्याचा आडवा. सबंध तुकडा मोजला तर सरासरी अशी बरोबर येते की त्याच्याइतका निःपक्षपाती कोणी नाही असे वाटावे! २०१० च्या सुमारास संशोधकांनी स्फटिकाला एका अंगाने चाप लावला, बहुतेक पट्टे एका दिशेला आले, आणि भेद उघडा पडला. चापाने तो निर्माण केला नव्हता. तो आधीपासून घरातच होता.

हे वाचताना मला अमरावतीची अंबादेवी आठवते. तिचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ साली सत्याग्रहाची चळवळ झाली. पंजाबराव देशमुख तिच्यात पुढे होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथील परिषदेचे अध्यक्ष म्हणून डॉ. आंबेडकर अमरावतीस आले. अशा वेळी गावोगाव एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमचं काही म्हणणं नाही हो, पण लोक काय म्हणतील?" हेच वाक्य ते लोकही म्हणत असतात. कोणीच पक्षपाती नाही, आणि दार मात्र बंद! मग कोणी चाप लावला, की सुखाने नांदणाऱ्या गावात यानेच फूट पाडली, असा बोल त्याच्यावर येतो.

तेव्हा दोष कुणाचा धरावा? इलेक्ट्रॉनाचा धरता येत नाही. शेजाऱ्याकडे न पाहण्याची सोय त्या बिचाऱ्याला नाही. देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला ती होती.