तीन दत्तक मुले आणि एक रेघ

कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, तेव्हा त्यांचे वय दहा वर्षांचेही नव्हते. चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणी आनंदीबाई यांनी त्यांना मांडीवर घेतले आणि त्या दिवसापासून ते शाहू झाले. चौथे शिवाजी स्वतः दत्तकच होते. त्यांचे जन्माचे नाव नारायणराव. त्यांच्या आधीचे राजाराम म्हणजे पाटणकरांचे नागोजीराव. लागोपाठ तीन वेळा मूल दुसऱ्या घरातून आले, आणि तिन्ही वेळा नाव मात्र वाड्यात आधीपासून तयार होते. राजाराम, शिवाजी, शाहू ही नावे मुलांच्या आधीची, त्यांच्या आईबापांच्याही आधीची.

झाक लाकाँ या फ्रेंच मनोविश्लेषकाने भाषा आणि ‘मी’ यांचा संबंध बीजगणितासारख्या अक्षरांत मांडला. ती अक्षरे वाचताना मला ही तीन मुले आठवतात. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने शब्दाचा अर्थ वर आणि ध्वनी खाली दाखवला होता. लाकाँने १९५७ साली ही मांडणी उलटी केली: वर मोठा ‘एस’ म्हणजे चिन्हक, खाली छोटा ‘एस’ म्हणजे त्याचा अर्थ, आणि दोहोंमध्ये आडवी रेघ. त्याच्या लेखी ही रेघ अडसर आहे. नावापासून अर्थाकडे सरळ उतरता येत नाही. पुढे त्याने माणसासाठीच एक ‘एस’ काढला आणि त्याच्यावर तिरकी रेघ मारली. चिन्हक माणसाला दुसऱ्या चिन्हकापुढे उभे करतो, आणि या उभे राहण्यात माणसाचा काही भाग कायमचा रेघेखाली जातो, असे त्याचे म्हणणे.

अशी भाषा वाचली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. काही जण भारावून जातात, काही जण हे थोतांड म्हणून बाजूला सारतात. सोकल आणि ब्रिकमाँ या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली लाकाँच्या गणिती दाव्यांचा जो समाचार घेतला, तो मला बहुतांशी पटतो. उणे एकच्या वर्गमुळाने कामवासनेची उकल होत नाही. पण रेघ मारलेला ‘एस’ हा काही गणिताचा दावा नाही. ती एक खूण आहे, आणि खूण कामाची आहे की नाही हे ती काय दाखवते यावरून ठरते.

दत्तकविधीत ती काय दाखवते पाहा. मूल एका गोत्रातून उठते आणि दुसऱ्यात बसते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्याचा जन्मदाता आता त्याचा पिता नसतो. शाहूंच्या बाबतीत तर जन्मदाते जयसिंगराव घाटगे हयात होते आणि रीजंट म्हणून कोल्हापूर संस्थानाचा कारभारही पाहत होते. म्हणजे दरबारात बाप गादीच्या चाकरीत उभा आणि पोटचा मुलगा गादीवर. मुजरा कोणी कोणाला करायचा हे रक्ताच्या नात्याने ठरत नव्हते, जागेने ठरत होते. ‘छत्रपती’ हे पद ‘रीजंट’ या पदापुढे उभे होते, आणि आईवेगळा यशवंतराव त्या दोन पदांच्या मधल्या रेघेखाली. चरित्रकार हा प्रसंग भावनेच्या अंगाने सांगेल. अक्षरे त्यातली रचना उघडी करतात, आणि ती रचना दिसल्यावर भावना कमी होते असे मला वाटत नाही.

मात्र याच गादीवर लाकाँचे बीजगणित अपुरेही पडते. नारायणरावांचे चौथे शिवाजी झाले, आणि काही वर्षांत इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवले. अहमदनगरला नजरकैदेत, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’त लिहिल्यामुळे टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात गेले. पित्याचे नाव मनात रुजले नाही की वेड उद्भवते, असे लाकाँचे सूत्र सांगते. नाव बदललेल्या या मुलावर ते चिकटवण्याचा मोह होईल, आणि तो कटाक्षाने टाळायला हवा. कारण वेडाचा दाखला देणारे आणि कोठडीची किल्ली बाळगणारे एकाच सरकारचे नोकर होते. सूत्रात नावाला अक्षर आहे, अर्थाला आहे, माणसाला आहे. दाखल्यावर सही करणाऱ्याला नाही. ज्याच्या भाषेत आपण बोलतो त्या ‘मोठ्या अन्या’साठी लाकाँ मोठा ‘ए’ वापरतो खरा, पण तो ‘ए’ कुठल्या कचेरीत बसतो हे तो विचारत नाही.

शाहूंनी ते विचारले. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेले असता पुरोहित द्विजांसाठीच्या वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या ध्यानात आणून दिले. पहाटेचे पाणी तेच, नदी तीच, राजाही तोच. फरक फक्त कोणते मंत्र कानावर पडतात एवढाच, आणि तेवढ्याने छत्रपती क्षत्रियाचा शूद्र होत होता. चिन्हक माणसाला दुसऱ्या चिन्हकापुढे कसा उभा करतो याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला पॅरिसच्या व्याख्यानांतही सापडलेले नाही.

लाकाँकडे आणखी एक खूण आहे: ‘ए’वरच मारलेली रेघ. हमी देणाऱ्यालाही हमी देणारा कोणी नसतो, असा तिचा आशय. मला ती त्याच्या साऱ्या खुणांत सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यापाशी मनोविश्लेषण राजकारणाला येऊन भिडते. वेदोक्ताच्या वादात शाहूंना नेमके हेच कळले असावे. पुरोहिताचा अधिकार कोणी दिला, असे विचारत गेले की शेवटी उत्तर संपते. त्यांनी राजोपाध्यांची वतने जप्त केली, आणि १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात ब्राह्मणेतर क्षात्रजगद्गुरू नेमला. रिकाम्या जागेवर नवा जगद्गुरू बसवल्याने जागा मोडत नाही, ही सत्यशोधकांमधली तक्रार रास्तच होती, आणि तिचे समाधानकारक उत्तर शाहूंनी दिले असे मला वाटत नाही.

२६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात मात्र ते पुढे गेलेले दिसतात. निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखताना मागास कोण, हे तिथे गुणदोषांनी सांगितलेले नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे, अशी ती व्याख्या आहे. चिन्हाला अर्थ येतो तो इतर चिन्हांपासूनच्या वेगळेपणाने, हा सोस्यूरचा विचार १९१६ साली छापून आला. त्याच्या चौदा वर्षे आधी करवीरच्या गॅझेटात तो नोकरभरतीचा नियम झाला होता. त्या नियमाखाली सहीचा अधिकार कोणाचा होता, हे गॅझेट वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते.