द्यूताचे ऋण आणि अर्जुनाची भिक्षा

भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव द्यूतात हरले. देणे चुकविण्यासाठी त्यांनी कमळाइसांकडे अलंकार मागितले. ते मिळाले नाहीत. पुढे पित्याने ते देणे भागविले. लीळाचरित्रातील हा प्रसंग विरक्तीचे निमित्त म्हणून नेहमी सांगितला जातो व ते यथार्थच आहे. परंतु निरूपणाच्या ओघात एक गोष्ट मागे पडते. रामटेकच्या यात्रेचे प्रस्थान हे देणे फिटल्यानंतरचे आहे. परमेश्वर अवतारास ऋणाचे बंधन ते कसले? तथापि जुगाऱ्यांचे देणे बुडवून भडोच सोडले, असे लीळेत घडले नाही.

आता अमरावतीकडील एखाद्या वासनिक घरातील तरुणाचा विचार करावा. मराठीत एम.ए. झालेला, सकळ लिपीतील पोथी हाती आली की तहानभूक विसरणारा. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविण्याचे काम त्यास मिळते. त्याचे मानधन वर्षभर पुरत नाही आणि वेळेवरही येत नाही. दुसरीकडे बँकेतील नोकरी चालून आली आहे. वडिलांवर सेवा सोसायटीचे पीककर्ज, धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हावयाचे. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा लाभला. त्याचा आनंद या तरुणाइतका कोणास झाला असेल? पण त्या दर्जाने सोसायटीचा हप्ता भरला जात नाही.

असा तरुण अधिकरणास विचारावयास येतो, तेव्हा ‘द्रव्य हे तुच्छ’ असे उत्तर देणे सोपे असते. ज्यांच्या झोळीत गृहस्थाच्या कष्टाचे अन्न पडते, त्यांनी तरी ते उतावीळपणे देऊ नये.

गीतेच्या द्वितीय अध्यायारंभी अर्जुन म्हणतो की, गुरुजनांस मारण्यापेक्षा भिक्षान्न सेवन करणे बरे. येथे साधकास शंका येते. सर्वज्ञांनी ज्या भिक्षेची आज्ञा केली, तीच श्रीकृष्ण महाराजांनी अर्जुनास का नाकारली? भिक्षा हीन म्हणून नव्हे. अर्जुनास वैराग्य झाले नव्हते. समोर आपले आप्त पाहून त्याचे गात्र शिथिल झाले होते. शोकातून सुचलेली भिक्षा आणि ज्ञानातून घेतलेली भिक्षा बाह्यतः एकच दिसतात, पण त्यांची मुळे भिन्न आहेत. तरुणाने स्वतःस हेच विचारावे: पोथीची ओढ मला नेत आहे, की वडिलांच्या कर्जाचे तोंड नको म्हणून मी पोथीआड बसत आहे? दुसरे खरे असेल, तर ती विद्याही त्यास लाभणार नाही.

आणि ओढ खरी असेल तर? तरीही आधी देणे. मात्र देण्यास संख्या असते, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. हरिपाळदेवांचे देणे मोजलेले होते, ते फिटले आणि संपले. सोसायटीचे कर्ज व बहिणीचे शिक्षण हेही मोजता येते. चार वर्षे लागतील, सहा लागतील. त्यानंतर दुमजली घर, मोटार, थाटाचे लग्न, ही ऋणे नव्हेत. पुष्कळ मायबाप पुत्राच्या गळ्यात प्रथम ऋण म्हणून जे घालतात, त्याची पुढे हाव होते, आणि तो चाळिशीत पोथी उघडतो तेव्हा अक्षरे ओळखीची राहिलेली नसतात. याचा दोष पुत्राकडे जात नाही. म्हणून नोकरी धरतेवेळीच वडिलांसमोर बसून आकडा व मुदत ठरवावी; संकोच करू नये. त्या मुदतीत सायंकाळची एक घटिका पोथीकरिता राखावी, एक पान का होईना, पण रोज वाचावे. लिपीचा सराव तुटला की पुन्हा जुळण्यास फार काळ लागतो, हे जाणते भिक्षुक जाणतात.

वडिलांसही काही सोसावे लागते. हरिपाळदेवांच्या पित्याने देणे दिले, म्हणून पुत्र घरी ठेवून घेतला नाही. जड अंतःकरणाने का होईना, निरोप दिला. सोबत दिलेले सेवक वाटेतच मागे राहिले आणि स्वामी एकाकी पुढे निघाले.