ऐकणारा तोच का?

मुंबईत वॉर्डन रोडलगतच्या गामडिया रस्त्यावर रमेश बाळसेकर राहत. बँक ऑफ इंडियाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झालेले गृहस्थ आणि खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. विड्यांच्या दुकानावर पोट भरणारे महाराज मराठीत बोलत, आणि परदेशी साधकांना बाळसेकर ते इंग्रजीत सांगत. १९९९ मध्ये बाळसेकरांच्या सकाळच्या बैठकीला साठी उलटलेला एक कॅनेडियन गायक येऊन बसू लागला : लेनर्ड कोहेन. माउंट बाल्डीच्या झेन मठात त्याने वर्षानुवर्षं काढली होती, १९९६ मध्ये भिक्षूची दीक्षाही घेतली होती, तरी मनावरचं मळभ हटलं नव्हतं.

त्या काळात मी रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या करत होतो. ज्याच्या आवाजावर माझी विशी गेली, तो माणूस मुंबईत गादीवर मांडी घालून बसला होता आणि मला पत्ता नव्हता. ही हळहळ अजून जात नाही. बायको म्हणते, कळलं असतं तरी तुम्हाला रजा कोण देणार होतं? तेही खरंच.

त्याच्या पहिल्या, १९६७ च्या अल्बमची कॅसेट मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणली होती. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. या गाडीत वॉकमन लावून ती झिजवली. ‘सुझॅन’ या पहिल्याच गाण्यात नदीकाठची बाई आहे, चहा आहे, संत्री आहेत. मी त्या बाईसाठी ऐकत असे. मधल्या कडव्यात पाण्यावर चालणारा, खलाशी झालेला येशू येतो. तेवढ्या वेळात मी खिडकीबाहेर बघायचो. बाई परत येईपर्यंत थांबायचं, एवढंच. आता निवृत्तीनंतर तो अल्बम पुन्हा लावतो, तर बाई आली काय नि गेली काय, मी त्या मधल्या कडव्याची वाट बघतो. ध्वनिफितीतला एक सूर बदललेला नाही. मग बदललं ते काय?

‘मी बदललो’ असं म्हणून सुटका होत नाही. बदलला तो कोण, आणि ‘तेव्हा असं ऐकायचो’ हे आज आठवतो तो कोण? बाळसेकर म्हणत, करणारा असा कोणी नाहीच. घडायचं ते घडतं, देह-मन हे त्याचं साधन. म्हणजे ऐकणाराही नाही, ऐकणं मात्र आहे. कोहेनला हे मानवलं असावं. त्याच्या मनावरचं ओझं त्याच वर्षांत उतरलं. त्याचं श्रेय देताना मात्र तो मिश्कीलपणे असंही सांगे, की वय झालं की चिंता करणाऱ्या मेंदूच्या पेशी मरतात, असं कुठेतरी वाचलंय. अद्वैताची अशी फिरकी त्याच्याइतकी सभ्यपणे कोणी घेतली नसेल.

गायक कॅट स्टीव्हन्सने तर ‘तोच का?’ हा प्रश्न गाण्यातच घालून ठेवला. १९७७ मध्ये इस्लाम स्वीकारल्यावर तो युसुफ झाला आणि धर्माला गाणं-बजावणं मानवेल का, या शंकेने अनेक वर्षं त्यापासून दूर राहिला. २०२० मध्ये त्याने आपला पन्नास वर्षांपूर्वीचा अल्बम नव्याने गायला. त्यातल्या बाप-लेकाच्या गाण्यात बाप सत्तरी ओलांडलेल्या युसुफच्या आवाजात आहे, मुलगा मात्र १९७० च्या मैफिलीतल्या त्याच्याच तरण्या आवाजात. मुलगा बापाचं ऐकत नाही, आणि बापही तोच! हे ऐकताना मला हसू येतं आणि मग बराच वेळ काही सुचत नाही.

तसा संगीत की धर्म, हा पेच आमच्याकडे कोणाला पडणार नाही. आमची आजी रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायची. ज्ञानोबांचे तेच अभंग, त्याच चालीत. ‘काय हो आजी, कालही हेच म्हणालात’ असं तिला कोणी विचारलं नाही. मला मात्र तीच कॅसेट पुन्हा लावली की विचारतात.

आमच्या घरचा गणपतीचा कारखाना आहे, आता पुतण्या बघतो. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, आखणी झाली की डोळे बोलू लागतात. तरी प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत आम्ही त्यांना माल म्हणतो. टेम्पोत चढवतो, उतरवतो, भाव करतो. देव येतो तो घेऊन जाणाऱ्याच्या घरी, त्याने बोलावल्यावर. अल्बमही मला तसाच साचा वाटतो. खोक्यात तो नुसता माल असतो. विशीत मी बोलावलं तेव्हा बाई आली, आता बोलावतो तर खलाशी येतो. जुन्या गाण्याकडे ‘परत’ जाता येतं, हे म्हणूनच मला पटत नाही. तिथे कोणी माझी वाट बघत थांबलेलं नसतं.

पण हेही पुरतं जुळत नाही. दरवर्षीचा गणपती कोरा येतो, गाणं कोरं येत नाही. वगळलेलं कडवं मी खिडकीबाहेर बघतानाही कानात साठत होतं; नाहीतर आज ते इतकं ओळखीचं कसं लागलं असतं? आजीचा हरिपाठही असाच साठला असणार. न ऐकता ऐकलेलं हे कोणाच्या खात्यावर जमा झालं? बाळसेकर २००९ मध्ये गेले, कोहेन २०१६ मध्ये; ऱ्हिदम हाउसही त्याच वर्षी बंद झालं. आज बाळसेकर असते तर मी विचारलं असतं : ऐकणाराच नसेल, तर त्या कडव्याला डोळ्यांत पाणी येतं ते कोणाच्या? ‘पाणी येतं, एवढंच’ असं ते बहुधा म्हणाले असते आणि शेजारी बसलेला कोहेन हसला असता. मला ते उत्तर अजून पुरत नाही.